तरसाची चार नखं

फोन धुरपताच्या नातवाचा होता. "आज्जी गेली," म्हणाला. कशी गेली विचारलं, तर म्हणाला, सकाळी तिनंच शेळ्या सोडल्या, ओट्यावर येऊन बसली, सुनेला म्हणाली चहा जरा दाट कर, आणि सून चहा घेऊन आली तर... सुनेला वाटलं डुलकी लागली. मला लगेच रडू आलं नाही. आधी मनात आलं, ही चहा न पिता कशी गेली? धुरपताला भरली कपबशी सोडून उठणं जन्मात जमलं नव्हतं. रडू आलं ते दुपारी, भाकरी थापताना. तव्यावरची भाकरी करपली, आणि सून म्हणाली, "आई, तुम्ही बसा जरा." बसले.

महिना झाला त्याला. लिहायला बसले आहे ते नुसतं तिच्या आठवणीसाठी नाही. एक गोष्ट आम्ही तिघांनी मिळून झाकून ठेवली होती, त्यातली मी एकटीच उरले. आणि धुरपतानं मला मोकळीक दिली होती. मागच्या संक्रांतीला मुलाच्या घरून गावी जाऊन भेटले तेव्हा म्हणाली, "मी हाय तवर गप ऱ्हा. मी गेल्यावर सांग सगळ्यास्नी. त्याचं नाव उगंच बुडलंय." तो म्हणजे लिंबाजी, तिचा नवरा. त्याला जाऊनही आता दहा वर्षं होतील.

मी मानवतची, लिंगायत वाण्याची पोर. लग्न होऊन आले ती चारठाण्यापासून दोन कोसांवरच्या एका गावी, डोंगराच्या पायथ्याशी. निजामाचं राज्य होतं, आणि सासऱ्यांचं किराणा दुकान होतं, पुढून दुकान, मागून घर. धुरपता मागच्या दारानं यायची. मीठ न्यायची, गूळ न्यायची, आणि निम्मा वेळ चौकटीला टेकून मला हसायची. मला शेळी आणि मेंढी लांबून ओळखता यायची नाही, याचं तिला फार नवल. "आक्का, तुमी मानवतात काय बगत होता मग?" म्हणायची. धनगराची ती. आम्ही दोघी एका वयाच्या, एकोणीस-वीसच्या. सासूबाईंना हा शेजार फारसा रुचायचा नाही, पण धुरपताच्या लोण्याला त्या नाही म्हणायच्या नाहीत.

लिंबाजीचं नाव तेव्हा साऱ्या पंचक्रोशीत होतं. जमिनीवरचा माग त्याच्यासारखा कुणाला काढता यायचा नाही. चोराचा असो, हरवलेल्या बैलाचा असो, वाघाचा असो. आमच्याकडं बिबट्यालाही वाघच म्हणतात, वेगळं नाव द्यायला सवड कुणाला? लिंबाजी उकिडवा बसायचा, बघायचा आणि एक वाक्य बोलायचा. ते वाक्य कधी खोटं निघालं नव्हतं. माणूस तसा गरीब स्वभावाचा, पण या एका गोष्टीचा त्याला लय अभिमान होता, आणि तो असावाच.

याच कीर्तीनं त्याचा घात केला होता. तालुक्याहून कुणी ना कुणी साहेब शिकारीला यायचा. साहेब आला की गावाला वेठ. दूध, तूप, कोंबड्या, बाजा, घोड्याला कडबा, सगळं फुकट. आणि गडीमाणसं हाक्याला, म्हणजे डबे-ढोल बडवत रानातनं वाघाला बंदुकीपुढं हाकायचं. माग काढायला सगळ्यांच्या पुढं लिंबाजी. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी अशाच हाक्यात साहेबाची गोळी वाघाच्या मांडीत बसली, आणि वाघ उलटून हाकणाऱ्यांवरच आला. लिंबाजीचा डावा खांदा त्यानं फोडला. साहेबानं कातडं नेलं, पाठीवर शाबासकी दिली. धुरपतानं सहा महिने हळद आणि पाला बांधून नवरा उठवला. हात खांद्याच्या वर काही गेला नाही पुन्हा.

मी गावात आल्याच्या दुसऱ्या वर्षी, ज्वारी हुरड्यावर असताना, धुरपता एकदा मागच्या दारी आली ती हसलीच नाही. खाली बसली, पाणी प्याली. म्हणाली, "आक्का, वाघ आलाय." उन्हात, चांगल्या दुपारी, ओढ्याच्या वरच्या खडकावर तो पसरला होता. कळप खाली, ही मधे. तो उठलाही नाही, नुसतं शेपटीचं टोक हलवलं. मी विचारलं, "तू काय केलंस?" तर म्हणाली, "काय करू? म्हणलं बस बाबा, बस. तुझं रान हाय. आन् मेंढरं हळूच वळिवली." तिसऱ्या दिवशी त्यानं तिची तांबडी शेळी नेली. हिनं दगड मारले, ओरडली, पण नेली ती नेलीच.

"मग लिंबाजीला सांग," मी म्हटलं, "गावात सांग." तेव्हा तिनं माझ्याकडं जे बघितलं ते मला अजून दिसतं. "त्याला सांगू? त्यो घटकेत माग काढतोय. मग गावाला कळतंय, तालुक्याला कळतंय, साहेब येतोय, आन् म्हणतोय लिंबाजीला पुढं घाला. त्यो न्हाई म्हणायचा न्हाई. एक हात वाघानं नेला आक्का, दुसरा मी न्हाई देणार."

तेव्हापासून तिनं सुरू केलं ते काम मी जगात दुसऱ्या कुणी केलेलं ऐकलं नाही. रोज उजाडल्याबरोबर ती मेंढरं सोडायची आणि नेहमीची वाट टाकून ओढ्याकडून, बांधावरून, वाघ जिथून जिथून गेला असेल तिथून कळप हाकायची. शंभर मेंढरांचे खूर फिरले की धुळीत वाघाचा पंजा राहतो कुठला? जिथं मेंढरं जायची नाहीत तिथं स्वतः पायानं पुसायची. तालुक्यातला नामांकित मागकाढ्या घरात, आणि त्याच्या दारापासून हाकेच्या अंतरावर वाघ, आणि बायको रोज सकाळी माग पुसायलीय. मला हसूही यायचं आणि भीतीही वाटायची.

शेळ्या मात्र कमी व्हायला लागल्या. तांबडी गेली, मग एक ठिपक्यांची बांडी, मग एक न व्यालेली पाट. लिंबाजीला तिनं सांगितलं, भावाला दिल्या. आणि साक्षीला मला घेतलं. मी म्हटलं, "धुरपते, गळ्यात लिंग आहे माझ्या, खोटं कशी बोलू?" ती म्हणाली, "पदराखाली सारा की त्याला. ऐकू नका जाऊ देऊ." मग एके दिवशी लिंबाजी तंबाखू घ्यायला आला आणि सहज म्हणाला, "वैनी, धुरपतीचा भाऊ कवा येऊन गेला म्हणायचा?" मी म्हटलं, "सोमवारी. माझ्यासमोरच तर शेळी घेऊन गेला." तो "बरं" म्हणाला आणि गेला. संध्याकाळी पूजेला बसले तेव्हा मी लिंगापुढं कान धरले.

असं महिनाभर चाललं. ज्वारीची काढणी सुरू झाली, गावातलं माणूस न् माणूस रानात. आणि ऐन त्या घाईत एका सकाळी साहेब आला. घोड्यावर, बंदूक घेऊन, बरोबर दोन शिपाई. कुणीतरी कळवलं होतं, कुणी ते आजवर कळलं नाही. आल्या आल्या त्यानं विचारलं, "वो लिंबाजी कहाँ है?" मी घागर घेऊन ओढ्यावर निघाले होते. धुरपता वाटेत भेटली, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. "आक्का, पाण्याजवळ एक ऱ्हायलाय," एवढंच म्हणाली. काठाच्या ओल्या मातीत, मेंढरं उतरत नाहीत तिथं, वाघ पाणी पिऊन गेला होता. एक पंजा, असा ठसठशीत की मलासुद्धा कळावा.

शिपायालाही तो दिसला. त्यानं साहेबाला हाक मारली, साहेबानं लिंबाजीला. आम्ही पाच-सहा बाया घागरी घेऊन वरच उभ्या. साहेब घोड्यावरून उतरून लगाम शिपायाच्या हाती देत होता, तेवढ्यात लिंबाजी पुढं होऊन उकिडवा बसला, आमच्याकडं आणि साहेबाकडं पाठ करून. उजवा हात जमिनीकडं गेला एवढं मला दिसलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ बसला. धुरपतानं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. आता तो एक वाक्य बोलणार, आणि ते खरं असणार... आजवर तसंच झालं होतं.

"तरस हाय, सरकार," लिंबाजी म्हणाला.

साहेब वाकला. "तरस? शेर नहीं?"

"न्हाई सरकार. वाघ नखं आत घिऊन चालतो, त्याचं नख उमटत न्हाई. हे बगा, चारी नखं उमटल्याती. तरसच."

साहेबानं बघितलं. चार नखं होती खरी. लिंबाजीनं सांगितलं म्हणजे पुढं विचारायची सोय नव्हती. साहेब हिरमुसला, दूध प्याला, दोन कोंबड्या घेऊन दुपारच्या आत गेला. गाव कापणीला लागलं.

मला तेव्हा काहीच उमगलं नव्हतं. मला वाटलं खरंच तरस असेल आणि धुरपतालाच कळलं नसेल. दुसऱ्या दिवशी ती आली, चौकटीला न टेकता थेट आत, माझ्या चुलीपाशी बसली आणि हसता हसता रडायला लागली. ती नखं लिंबाजीची होती. करंगळीच्या नखानं त्यानं बोटांच्या पुढं चार टिंबं टोचली होती. घरी जाऊन बायकोला विचारलं म्हणे, "तुझा भाऊ बरा हाय का? तीन शेळ्या पचल्या का त्याला?" सगळं त्याला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. कुत्रं बाजेखालून निघेना, मेंढरं रोज उलट्या वाटेनं, "मला काय दिसंना व्हय?" धुरपता डोळे पुसत म्हणाली, "आक्का, त्यानं माज्यासाठी लबाडी केली गं. त्यानं." तेव्हापासून ती मला अगंतुगं करायला लागली.

त्याची किंमत मात्र त्यानं भरली. ज्वारी निघाली, रान उघडं पडलं आणि वाघ डोंगरात गेला. पण जाता जाता शेजारच्या गावात दिवसाढवळ्या, माणसांदेखत वासरू उचललं. झालं, लिंबाजीची नजर गेली असा बोभाटा झाला. बाजारात माणसं विचारायची, "काय लिंबाजी, तरस बरं हाय का?" तो म्हणायचा, "वय झालं बाबा." तिशी नव्हती उलटली त्याची. पुन्हा कुठल्याच साहेबानं त्याला हाक्याला बोलावलं नाही. पुढं निजामाचं राज्यच गेलं, वेठ गेली, पण ती थट्टा गेली नाही. पोरांनासुद्धा वाटायचं, बापाला एकदा ओळखता आलं नाही. आपण खरं सांगून टाकू, असं मी म्हटलं की तो म्हणायचा, "ऱ्हाऊ दे, वैनी. माज्यापायी महिनाभर उलट्या वाटेनं चालली मेंढरं तिची." आणि मला चिडवायचा, मी लबाड बोलताना पदराचा काठ चावते म्हणून. चावते, खरं आहे. सुनेनंही पकडलंय मला.

धुरपता त्यानंतर दर सणाला घर सारवून झालं की उंबऱ्याबाहेर ओल्या सारवणात एक खूण करायची. मुठीनं तळवा, चार बोटांनी चार बोटं, आणि पुढं करंगळीच्या नखानं चार टिंबं. कुणी विचारलं तर म्हणायची, "तरस येऊन गेलं." लिंबाजी बाजेवरून ऐकायचा आणि मिशीत हसायचा. नवरा-बायकोचं असं हसणं मी फार घरांत पाहिलेलं नाही. पन्नास वर्षं सुखानं जगली ती दोघं, भांडून, चहा पिऊन, शेळ्या राखून.

तिच्या दिवसांना मी गेले होते. आता तिथं पक्कं घर आहे, आत फरशी, सारवायला जागा नाही. ती बसायची त्या सिमेंटच्या ओट्यावर टेकले आणि हाताला काहीतरी लागलं. ओटा ओला असतानाच तिनं ते करून ठेवलं होतं. तळवा, चार बोटं, चार नखं. मी आपली बोटं त्यात घालून बघत होते, तर नातसून चहा घेऊन आली. "ते तरसाचं हाय आज्जी," ती म्हणाली, "आमच्या आज्याला वळखू आलं न्हवतं म्हणं."

मी चहा खाली ठेवला. पदराचा काठ चावायचं आता कारण नव्हतं.

"न्हाई बाई," म्हटलं, "वाघाचंच हाय. नखं तेवढी तुझ्या आज्याची."