मुन्शीची साखर आणि गायीचा घास

काकासाहेबांनी तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. लोकांच्या चौकशांना उत्तरं देण्यात जन्म गेला, आणि रिटायर झाल्यावर चौकशी करत हिंडायची पाळी त्यांच्यावर आली. पुंडलिकनगरापासून औरंगपुऱ्यापर्यंत शहरातलं एक औषधाचं दुकान सोडलं नाही. "बोक्याला चालंल असं इन्सुलिन हाय का? जरा परवडंल असं?"

बोका म्हणजे मुन्शी. पेपर उघडला की त्यावर बैठक मारायचा, म्हणून मुन्शी. दोन महिन्यांत तो वाळून काटकुळा झाला, उठल्याबसल्या पाणी पिऊ लागला. एका डॉक्टरनं डायबेटिस सांगून प्राण्यांचं परदेशी इन्सुलिन लिहून दिलं. किंमत ऐकून काकासाहेबांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. पेन्शनीत एक तर ते औषध बसत होतं, नाही तर किराणा. पोरं पुण्याला. घरात बोलायला बायको सारजाबाई आणि ऐकायला मुन्शी. तो गेला तर आपलं ऐकणार कोण?

शेवटी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात, बकऱ्या-म्हशींच्या रांगेत, ते मुन्शीला पिशवीत घालून बसले. डॉक्टर मनस्विनींनी साखर तपासली. "काका, परदेशीचं सोडा. माणसांचं साधं इन्सुलिन जेनेरिकच्या दुकानात स्वस्तात मिळतं, तेच देऊ. डोस मी ठरवीन. सुई बाटलीवर लिहिलेल्या युनिटच्या मापाचीच घ्या. आणि खायला मी सांगते तेवढंच. पोळी नाही, दूध नाही, गोड तर अजिबात नाही."

"वावगा एक घास जाणार नाय, डॉक्टरीणबाई!" काकासाहेबांनी छातीवर हात ठेवला.

आणि गंमत म्हणजे माणूस खोटं बोलत नव्हता.

दुपारी जेवायला बसण्याआधी गायीचा घास काढायचा, हा दौलताबादच्या घरी त्यांच्या आईनं घालून दिलेला नेम. गूळ-तूप लावलेली चतकोर पोळी ते कंपाउंडच्या भिंतीवर ठेवत, हात जोडत आणि मागं न बघता आत येत. संध्याकाळी भिंत साफ. गल्लीत गाय दिसली त्याला सहा-सात वर्षं झाली होती. पण गायीचा घास गायच खाणार, दुसरं कोण? बिनातिकिटाचा प्रवासी पाठीवरून ओळखणाऱ्या या माणसाला एवढी साधी शंका कधी शिवली नाही.

काकासाहेब नेमानं दोन वेळा सुई देत होते, तरी साखर हटेना. "बाहेरचं काही खातो का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "नाय हो, शपथ!" मग डोस वाढला.

त्याच आठवड्यात दौलताबादला चुलतभावाकडं वास्तुशांत होती. सकाळी मुन्शीचं खाणं आणि सुई उरकून काकासाहेब एकटेच गेले. दुपारी पंगतीत वरणभात कालवला, तोच सारजाबाईंचा फोन. "अहो, मुन्शी लटपटायलाय. मान टाकली त्यानं! डॉक्टरीणबाईंनी साखरेचं पाणी हिरड्यांना चोळून आणा म्हणलंय. मी निघाले."

भरलं ताट सोडून काकासाहेब उठले. मिळेल त्या वाहनानं दवाखाना गाठला, तेव्हा मुन्शीला सलाईन लागलं होतं. त्यानं डोळे किलकिले करून पाहिलं आणि काकासाहेबांच्या जिवात जीव आला.

"साखर एकदम उतरली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज वेगळं काय झालं?"

"कायबी नाय. खाणं दिलं, सुई दिली. मी घरी नव्हतो, म्हणून गायीचा घास तेवढा..."

काकासाहेबांनी सारजाबाईंकडं पाहिलं.

"गल्लीत गाय कुठंय हो?" सारजाबाईंनी हळूच विचारलं.

दुसऱ्यांची तिकिटं तपासण्यात जन्म गेलेला माणूस आज स्वतः बिनातिकिटाचा सापडला. "रोजची गूळपोळी हाच खात होता, अन् तिच्यापायीच डोस वाढला. मीच मारलं असतं की गं त्याला," म्हणत ते बकऱ्यांच्या देखत लहान पोरासारखे रडले.

डोस लगेच कमी झाला. महिन्याभरात मुन्शीची साखर ताळ्यावर आली आणि तो पुन्हा पेपरवर बसू लागला. नेम मात्र काकासाहेबांना मोडवेना. आता ते पोळी डब्यात घालून दोन किलोमीटर चालत एका गोठ्यावर जातात, आणि गाय शेवटचा घास गिळेपर्यंत जागचे हलत नाहीत.

परत येतात, तेव्हा मुन्शी कंपाउंडच्या त्या रिकाम्या भिंतीवर बसून वाट बघत असतो. काकासाहेब रिकामा डबा उघडून दाखवतात आणि त्याला हात जोडतात.