दूधवाल्याचा नातू दूध पीत नाही

काशीराम परब कांजूरमार्ग पूर्वेला दूध टाकतात. ते कामाला होते ती गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या कुणी रिक्षा घेतली, कुणी गावी जाऊन कलमं लावली. काशीरामांनी दुधाची लाइन घेतली. पहाटे गाडीवरून क्रेट उतरवायचे आणि सोनचाफा सोसायटीच्या दारादारांत पिशव्या ठेवून बेल मारायची. पुढे मुलगा निलेश बँकेत लागला आणि त्यानं याच सोसायटीत तळमजल्यावर फ्लॅट घेतला. तरी काशीरामांनी लाइन सोडली नाही.

दुधाबद्दल त्यांचं मत ठाम होतं. माणसाला काहीही झालं, तर त्याचा अर्थ दूध कमी पडलंय. झोप येत नाही, दूध घ्या. पाय मुरगळला, हळद घालून घ्या. एकदा सोसायटीतल्या हर्षदभाई शाहांची स्कूटर चालू होईना, तेव्हा काशीरामांनी गाडीकडे न बघता किक मारणाऱ्या पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "दूध पीत जावा."

अशा माणसाचा नातू म्हणजे चैतन्य, वय वर्षं दोन. त्याचं नाक बारा महिने वाहायचं. स्वतःच्या बाह्या भरल्या की तो आजोबांच्या लेंग्याला नाक पुसायचा आणि समाधानानं निघून जायचा. जरा बरा झाला की कान दुखायचा, कान थांबला की खोकला. तोंडाभोवती लाल चट्टे यायचे आणि पोट तर कायमचं रुसलेलं. काशीरामांचा उपाय ठरलेला होता. ते पेला मोठा करायचे.

शेवटी सून श्रुतिका सासऱ्यांना बरोबर घेऊन डॉक्टर शुभा नाबरांकडे गेली. या बालरोगतज्ज्ञ सोसायटीतच डी विंगमध्ये राहायच्या, म्हणजे काशीरामांच्या लाइनवरच.

"दूध किती पितो?" डॉक्टरांनी विचारलं.

"मागेल तेवढं," काशीराम अभिमानानं म्हणाले.

"आणि मागत नाही तेव्हा?"

"तेव्हा मी आठवण करून देतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काही मुलांना दूध सोसत नाही. चट्टे येतात, पोट बिघडतं, कधी नाकही वाहत राहतं. याचं तेच असेल असं मी म्हणत नाही. या वयात मुलांना सर्दी होतच असते. पण काही आठवडे दूध, दही, पनीर, दुधाची बिस्किटं, सगळं बंद करून बघू. मग माझ्यासमोर पुन्हा देऊन बघू. तोवर नाचणी, डाळी, आणि कॅल्शियमचं औषध देते. मनानं काही कमी-जास्त करू नका."

घरात शिरल्यावर काशीराम बायकोला म्हणाले, "दुधान पोर आजारी पडता म्हणे. उद्या म्हणतली, पाण्यान तहान लागता."

"अवो, बघूया तर खरा," रत्नप्रभा नारळ फोडता फोडता म्हणाली. "आमी खय दूध पिलंव? पेज खावनच वाढलंव ना?"

दुसऱ्या दिवशी काशीरामांनी आपला निषेध नोंदवला. डॉक्टरांच्या दारात पिशवी ठेवली, पण बेल मारली नाही. पिशवी मांजरानं नेली. संध्याकाळी डॉक्टर भेटल्या तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "काका, बेल वाजवत जा. मांजराला दूध सोसतंय." दुसऱ्या दिवसापासून काशीराम बेल वाजवू लागले.

चैतन्यला मात्र नवा कायदा मान्य नव्हता. घराच्या फ्रिजमध्ये जास्तीच्या पिशव्या असत. एकदा फ्रिज उघडा राहिला आणि पोरगा टेबलाखाली सापडला. पिशवीचा कोपरा त्यानं दातात धरला होता, पण अजून फोडता आला नव्हता. श्रुतिकानं पिशवी ओढली, त्यानं सोडली नाही, आणि पिशवी दोघांच्या मध्ये फुटून दूध शेजारी वाकून बघणाऱ्या काशीरामांच्या डोक्यावर उडालं. त्या दिवसापासून काशीराम जास्तीच्या पिशव्या तिसऱ्या मजल्यावरच्या इरावतीबाई सबनीसांच्या फ्रिजमध्ये ठेवू लागले.

इथेच घात झाला. इरावतीबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. पिशव्या वर का येतात, असं त्यांनी रत्नप्रभाला जिन्यात विचारलं. रत्नप्रभा साधी बाई. "डॉक्टरांनी आमच्याकडे दूध बंद केलंय," म्हणाली.

जेवणाच्या वेळेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर बातमी होती की दूधवाल्याच्या घरात दूध पीत नाहीत. दुपारच्या चहापर्यंत तिला कारणही मिळालं होतं, की त्यांना आतलं काहीतरी माहीत असणार.

काशीरामांनी दारोदार खुलासा केला. पिशवी डेअरीतून सीलबंद येते, नातवाचं पोट वेगळं आहे, तुमचं वेगळं आहे. लोकांनी संशय सोडला, पण त्याऐवजी भलतंच धरलं. दोन वर्षांच्या पोराचं नाक दुधानं वाहत असेल, तर आपले गुडघे कशानं दुखत असतील, असा विचार इरावतीबाईंनी केला आणि दूध सोडलं. हर्षदभाईंच्या बायकोनं नवऱ्याच्या घोरण्यासाठी घरातलं दूध बंद केलं. बी विंगमधल्या एका बाईंनी मुलाच्या गणिताच्या मार्कांसाठी दही थांबवलं. एकानं तर घरातली वाळवी कमी झाल्याचं सांगितलं.

"काशीराम, तू तरी चहा घेतोस का रे अजून?" इरावतीबाईंनी विचारलं.

"घेतो की. दुधाचा."

"बघ हो," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "तुझा स्वभाव चिडका आहे, तो त्यामुळेही असेल."

काशीराम क्रेट घेऊन निघत, आणि अर्ध्या पिशव्या परत घेऊन येत. ते सरळ डॉक्टर शुभांकडे गेले. "बाई, तुम्ही एका पोराचं दूध बंद केलंत. इथं आख्ख्या सोसायटीची वाट लागली. आता तुम्हीच काय ते सांगा त्यांना."

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये डॉक्टर बोलल्या. दूध न सोसणं हे मोजक्या मुलांच्या बाबतीत असतं, ते डॉक्टरनं तपासून ठरवायचं असतं, मुलांचं दूध मनानं बंद केलं तर हाल होतात, आणि दुधानं सगळ्यांनाच कफ होतो असं नाही, इतकंच त्यांनी सांगितलं. लोकांचे चेहरे पडले. एवढं सोपं कारण सापडलं होतं, ते हातातून निघून चाललं होतं.

"मग माझे गुडघे?" इरावतीबाईंनी विचारलं.

"त्यासाठी हाडांच्या डॉक्टरांकडे जा."

"आणि घोरणं?" हर्षदभाईंच्या बायकोनं विचारलं.

"डॉक्टर, इसका दूध से कोई लेना-देना नहीं," हर्षदभाई घाईनं म्हणाले. "मी दोन आठवडे काळा चहा पितोय. घोरतो तितकाच, फक्त आता चिडून घोरतो."

भाषणानंतर चहा होता. तो हर्षदभाईंच्या घरून आलेला, त्यामुळे तोही काळाच. सगळ्यांनी एकेक घोट घेतला आणि कप हळूच खुर्च्यांखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी पहाटे काशीरामांना क्रेट कमी पडले.

मग चैतन्यची पाळी आली. दूध बंद असताना चट्टे गेले होते, पोट ताळ्यावर आलं होतं. सर्दी मधे एकदा झाली, पण कान दुखला नाही. डॉक्टरांनी क्लिनिकमध्येच चमच्यानं दूध पाजलं. श्रुतिका, निलेश, रत्नप्रभा आणि काशीराम असे चौघे ओळीनं बसून त्याच्या नाकाकडे बघत राहिले. चैतन्यला वाटलं हा खेळ आहे, म्हणून तोही एकेकाच्या नाकाकडे बघू लागला. काही झालं नाही. डॉक्टर म्हणाल्या, आता घरी थोडं थोडं द्या आणि लक्ष ठेवा. त्या दिवशी काशीराम घरी आले ते गिरणीत बोनस मिळाल्यासारखे.

तिसऱ्या दिवशी तोंडाभोवती लाल चट्टे उठले. चौथ्या दिवशी पोट बिघडलं आणि नाक सुरू झालं. पोरगा कान धरून रडायला लागला, तेव्हा काशीरामांनी त्याला उचलून घेतलं आणि बराच वेळ गॅलरीत फेऱ्या मारल्या. मग आत येऊन पेला मोरीत ओतला.

"तेका नको आता दूध," ते रत्नप्रभाला म्हणाले. "डॉक्टरणीक सांग."

डॉक्टर म्हणाल्या, चट्टे आणि पोट दुधामुळे, हे आता बऱ्यापैकी नक्की. नाकाचा थोडा भाग दुधाचा असू शकेल, बाकीचा प्लेग्रुपमधल्या मित्रांचा. बरीच मुलं मोठी होता होता यातून बाहेर पडतात. सहा महिन्यांनी पुन्हा बघू.

अजूनही लोक जिन्यात काशीरामांना अडवून दुधाबद्दल सल्ला विचारतात. पूर्वी ते लगेच द्यायचे. आता खांद्यावरचा क्रेट सावरतात आणि म्हणतात, "डॉक्टरांना विचारा. मी फक्त आणून देतो."

परवा चैतन्य खाली बाकावर आजीनं केलेली नाचणीची खीर खात बसला होता. वरच्या ओठावर पांढरी मिशी उमटली होती. इरावतीबाई थबकल्या.

"काशीराम, दूध कसलं आहे यात?"

"नारळाचं."

"आणि नाक?"

काशीरामांनी नातवाकडे नीट निरखून बघितलं, खिशातून रुमाल काढून त्याचं नाक पुसलं आणि म्हणाले, "वाहतं. पण कमी."