गुरुनाथ शिरगावकराचा शनिवारचा अंदाज

तासगावच्या गुरुनाथ शिरगावकराला चंदीगडात सोळा वर्षं झाली होती. एवढ्या काळात माणूस पंजाबी बोलायला शिकतो, निदान लस्सी तरी प्यायला लागतो. गुरुनाथने दोन्हींपैकी काहीच केलं नाही. सेक्टर बावीसमधल्या भाड्याच्या दोन खोल्या आणि एका संशोधन संस्थेचं संगणक केंद्र, एवढंच त्याचं चंदीगड. पण त्या केंद्रात तो जे करायचा त्याचा त्याला भारी ताठा होता. गर्वाचं घर खाली असतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्याने पुरावा मागितला असता.

काम असं, की डॉक्टर मंडळी आपला प्रश्न लिहून द्यायची आणि गुरुनाथचा प्रोग्राम हजारो शोधनिबंधांच्या गोषवाऱ्यांतून त्याला जवळचे दहा काढून द्यायचा. जवळचे कसे ओळखायचे? तर प्रत्येक शब्दाला वजन. क्वचित येणारा शब्द वजनदार, वारंवार येणारा हलका, आणि जो एकूण एक कागदात असतो त्याचं वजन शून्य. नवीन आलेल्याला तो समजावायचा, "लग्नाच्या गर्दीत बायको हरवली तर तिनं साडी नेसलीय असं सांगून सापडेल का? नाकात हिऱ्याची मोरणी आहे म्हणा, लगेच सापडेल." ऐकणारे हसायचे आणि त्यांना पटायचंही.

त्याची एकुलती एक मुलगी रागिणी पतियाळ्याला मेडिकलला लागली, तेव्हा पंजाबात बसमधून उतरवून माणसं मारण्याचे दिवस सुरू झाले होते. शनिवारी हॉस्टेल रिकामं व्हायचं. मागे राहिलेल्या दोन-चार पोरी एका खोलीत आतून कडी लावून बसायच्या आणि जिन्यावर पाऊल वाजलं तरी श्वास धरायच्या. तिला घरी बोलवावं तर दोन तासांचा बसचा रस्ता, न बोलवावं तर ती कडी. आई-बापाला धड झोप कशी यावी?

गुरुनाथने आपल्या परीने उपाय काढला. रोज दुपारी डबा खाऊन झाला की इंग्रजी पेपरातल्या पंजाबच्या बातम्या तो संगणकात उतरवून घ्यायचा, एका दिवसाची एक फाइल. शुक्रवारी प्रोग्राम सरत्या आठवड्याच्या बातम्या मागच्या वाईट आठवड्यांशी ताडून बघायचा, म्हणजे ज्यांच्या शेवटी बसवर हल्ला झाला होता त्यांच्याशी. साम्य जास्त निघालं तर "येऊ नको", कमी निघालं तर "ये". संध्याकाळी सात वाजता हॉस्टेलला ट्रंक कॉल लावून तो निकाल रागिणीला सांगायचा.

पहिल्या वर्षी प्रोग्राम तीनदा "नको" म्हणाला आणि त्यातल्या दोन शनिवारी खरंच कुठे ना कुठे बसवर गोळ्या चालल्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, पण गुरुनाथचं नाव झालं. रागिणीची खोलीतली मैत्रीण लीना ही चंदीगडच्याच एअर फोर्स तळावरच्या स्क्वाड्रन लीडर माधव दिवेकरांची मुलगी. दिवेकरांनी सरळ सांगून टाकलं, "गुरुनाथराव, तुमचा अंदाज तोच आमचा. तुमची पोरगी निघाली की आमचीही निघेल." तेव्हापासून दोन पोरींचा जीव गुरुनाथच्या एका शब्दावर होता. एवढा मोठा अधिकारी आपल्या शब्दावर विसंबतो, याचं त्याला ओझं वाटायला हवं होतं. त्याला बरं वाटलं.

पुढे प्रोग्राम "ये" जास्तच म्हणू लागला. परिस्थिती निवळतेय, असा गुरुनाथने अर्थ घेतला. मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी डबा भरता भरता सुमेधा, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "सलग अकरा शनिवार तुमचं मशीन ये म्हणतंय. अहो, तुम्ही पेपर नुसता टाइप करता की वाचताही?"

"आकडा आकडा असतो," तो म्हणाला. पण बोल जिव्हारी लागला होता. केंद्रात गेल्या गेल्या त्याने बातम्यांतल्या सगळ्या शब्दांची वजनं कागदावर छापायला लावली, बायकोला दाखवायला. पानं हातात यायला साडेबारा वाजून गेले.

सगळ्यात वर वजनदार शब्द होते. हॉकी. आंबा. एका मंत्र्याच्या कुत्र्याची जात. गुरुनाथ पानं उलटत शेवटच्या पानावर गेला. तिथे, इंग्रजीतल्या 'आणि' नि 'पण' यांच्या शेजारी, बसले होते: ठार, शून्य. गोळीबार, शून्य. बस, शून्य.

चुकलं कुठेच नव्हतं; प्रोग्रामने त्याचाच नियम पाळला होता. पहिल्या वर्षी माणसं अधूनमधून मरत होती म्हणून 'ठार' या शब्दाला वजन होतं. जुन्या फाइली जागा पुरेना म्हणून त्याने पुसल्या होत्या, आणि उरलेल्या प्रत्येक दिवसाच्या फाइलीत कोणी ना कोणी मेलंच होतं. जो शब्द रोज येतो त्याला अर्थ नाही, असं यंत्राने ठरवलं आणि वाईट आठवड्यांशी साम्य मोजताना तो धरलाच नाही. जेवढी माणसं जास्त मरतील तेवढं ते निर्धास्तपणे "ये" म्हणणार होतं, आणि काल संध्याकाळी सातला गुरुनाथने रागिणीला तेच सांगितलं होतं.

त्याने हॉस्टेलला फोन लावला. लाइन मिळायला पाऊण तास गेला. वॉर्डन म्हणाली, "दोनों लड़कियाँ एक बजे की बस से निकल गईं जी."

एकची बस तीनपर्यंत येते. गुरुनाथ अडीचलाच बस अड्ड्यावर पोचला. गरम वाऱ्याची लू सुटली होती, वाळूच्या पोत्यांआड पोलीस घाम पुसत बसले होते. तीन वाजले. साडेतीन. पतियाळ्याची बस कुठाय, असं त्याने खिडकीवर चारदा विचारलं. चौथ्यांदा आतल्या माणसाने मानही वर केली नाही. इतक्यात मागून खांद्यावर हात पडला. दिवेकर होते.

"तुम्ही आज इथे? नेहमी तर घरीच वाट बघता."

"सहज," गुरुनाथ म्हणाला.

सांगून टाकावं, असं त्याला दर मिनिटाला वाटत होतं आणि दर मिनिटाला तो ते पुढच्या मिनिटावर ढकलत होता. काय सांगायचं? साहेब, माझ्या हिशेबात तुमच्या मुलीच्या मरणाचं वजन शून्य आहे? दिवेकर मात्र शांतपणे बदलीचं बोलत होते, पुण्याच्या हवेचं बोलत होते. गुरुनाथ हं-हं करत रस्त्याकडे बघत होता. त्याने आयुष्यात कधी नवस बोलला नव्हता. त्या दीड तासात त्याने तासगावच्या गणपतीला पाच नवस बोलले आणि सहाव्याला शब्द सुचेनात, नुसतं "माझं चुकलं, माझं चुकलं" एवढंच मनात येत राहिलं.

पाच वाजता बस आली. वाटेत नाक्यावर सगळ्यांना उतरवून सामान तपासलं होतं, म्हणून उशीर. पोरी धुळीने माखून, वैतागून उतरल्या. "पापा, बहुत भूख लगी है," रागिणी म्हणाली आणि लीनाला घेऊन समोरच्या छोले-कुलच्याच्या गाडीकडे गेली. गुरुनाथ तिथेच बाकावर बसला आणि रडायला लागला.

दिवेकर शेजारी बसले. मग मात्र त्याने सगळं सांगितलं. कागद खिशातच होता, तोही दाखवला. आता हा माणूस आपल्याला चारचौघांत फटकावेल, असं त्याला वाटलं, आणि ते बरंच झालं असतं.

दिवेकरांनी कागद घडी करून परत दिला. "तुमच्या अंदाजावर माझा कधीच विश्वास नव्हता, गुरुनाथराव."

"मग लीनाला कसं येऊ दिलंत?"

दोघी पोरी कुलच्यात कांदा जास्त घाल म्हणून गाडीवाल्याशी भांडत होत्या. "कधी ना कधी काही झालं असतं," दिवेकर म्हणाले, "तर वसुधापुढे मला उभं राहावं लागलं असतं. लीनाची आई आहे ती. मी ये म्हटलं होतं, असं मला तिला सांगायचं नव्हतं. तुम्ही म्हटलं होतं, असं सांगता आलं असतं."

गुरुनाथला राग आला, पण तो टिकेना. आपण तरी वेगळं काय केलं होतं? सुमेधापुढे उभं राहायची वेळ आली असती तर त्याने यंत्राकडे बोट दाखवलं असतं. दोन बाप, आणि पोरीला ये म्हणायची दोघांपैकी एकाचीही छाती नव्हती.

घरी त्याने सुमेधाला तो कागद दाखवला. तिने शेवटचं पान वाचलं. "रोज मरे त्याला कोण रडे," ती म्हणाली. "हे सांगायला मशीन कशाला लागतं?" आणि ती रागिणीला वाढायला उठली.

पुढच्या आठवड्यात त्याने प्रोग्राम सुधारला. त्या तीन शब्दांना स्वतःच्या हाताने वजन दिलं आणि गेले अकरा शनिवार पुन्हा तपासले. अकराही "नको" निघाले. मग त्याने वजन निम्मं केलं, पाव केलं. तरी "नको". आणि त्या अकरा शनिवारी रागिणी सुखरूप घरी आली होती, आईच्या हातचं जेवली होती, दुपारभर झोपली होती.

शुक्रवारी सातला त्याने फोन लावला.

"पापा, मशीन ने क्या कहा?"

"मशीन काही सांगत नाही, बाळ. मी सांगतोय. येऊ नको."

"लीना के पापा का पुणे ट्रांसफ़र हो गया. वो आज लीना को हमेशा के लिए ले गए. मैं कमरे में अकेली हूँ." मग ती मराठीत बोलली, जी ती कधी बोलत नसे. "बाबा, मी कधी यायचं?"

गुरुनाथने तोंड उघडलं. ये म्हणावं तर ते म्हणणारा तोच एकटा होता. नको म्हणावं तरीही तोच.

"तीन मिनट हो गए जी," मध्येच ऑपरेटर म्हणाला. "बढ़ा दूँ?"

"बढ़ा दो," गुरुनाथ म्हणाला, आणि पुढची तीन मिनिटं दोन्हीकडे कोणी बोललं नाही.