आम्ही की आपण

माझा धंदा खुर्च्यांची कुशनं बदलण्याचा. आमच्या शहरात एक भलंमोठं सभागृह आहे. तिथे देशोदेशीची माणसं जमून जगाचे प्रश्न सोडवतात. कधी साथीचे रोग, कधी तापलेली हवा, कधी समुद्रातला कचरा. परिषद आटोपली की मी फोम, कापडाचे तागे आणि स्टेपलर घेऊन आत शिरतो. नुसती भाषणं झाली असतील तर कुशनं मधोमध दबलेली असतात. खरंच काही ठरत आलं असेल तर पुढची कड दबते, कारण माणसं खुर्चीच्या टोकावर येऊन बसलेली असतात. अशी खुर्ची क्वचितच हाती लागते, तेव्हा माझं पोट बिनकामाच्या भाषणांवरच चालतं म्हणा ना!

त्या सभागृहाच्या मागच्या भिंतीला काचेच्या छोट्या खोल्या आहेत. तिथे दुभाषे बसतात. समोर परका माणूस बोलत असतो आणि त्याच वेळी हे लोक त्याचं बोलणं आपापल्या भाषेत ऐकणाऱ्यांच्या कानात घालत असतात. ही मला तिथेच भेटली. मी तिच्या खुर्चीचं चाक बसवायला गेलो होतो आणि ही रिकाम्या सभागृहाकडे बघत मासेमारीच्या करारावर तावातावाने बोलत होती.

"कोणाशी बोलताय?" मी विचारलं.

"तुमच्याशी नाही," ती म्हणाली.

लग्नानंतरही बऱ्याचदा हेच उत्तर मिळालं. दिवसभर दुसऱ्यांचं बोलून आल्यावर हिच्याजवळ स्वतःचं बोलायला काही उरत नसे. जेवताना मी बडबडायचो आणि ही मान हलवायची. झोपेत मात्र "माननीय अध्यक्ष" म्हणून सुरुवात करायची, आणि मी "बोला" म्हटलं की गप्प व्हायची. लोक म्हणायचे, बायको मितभाषी मिळाली, भाग्यवान आहात. भाग्य कसलं डोंबलाचं! मला तिचा आवाज ऐकायचा तर कानाला यंत्र लावून सभागृहात मागे उभं राहावं लागायचं. आणि मी राहायचोही. तिचा आवाज मला अजूनही फार आवडतो.

तिच्या माहेरचं असं एकच माणूस, धाकटा भाऊ. मी त्याला बेडूक म्हणतो, कारण कितीही समजावा, गडी नदीचा काठ सोडत नाही. काठावर त्याची रोपवाटिका आहे. नदी वरच्या देशातून येते. तिकडे धरणाचे दरवाजे उघडले की इकडे पाणी चढतं, आणि उघडल्याचं कळतं ते पाणी उंबऱ्याशी आल्यावर. मागच्या पुरात त्याची सगळी रोपं वाहून गेली. तो, बायको आणि दोन मुलं पत्र्यावर बसून राहिली. हिने त्या वेळी फोन हातातून खाली ठेवला नव्हता.

त्या नदीवरच पुढे परिषद भरली. काठावरचे सगळे देश आले, शिवाय मध्यस्थी करायला आणखी बरेच. आमची मागणी साधी होती: पाण्यावर लक्ष ठेवायला दोन्हीकडची माणसं एकाच खोलीत बसवा. वरच्या देशाचे उंच साहेब ऐकून घेत होते, पण हो म्हणत नव्हते. आमच्या बाजूने एक बाई होत्या, करारी आणि जरा तिखट. तिसऱ्या दिवशी उंच साहेब बोलता बोलता म्हणाले, की रात्री-अपरात्री पाणी वाढलं तर...

आता इथे खोच आहे. त्यांच्या भाषेत "आम्ही" आणि "आपण" दोन्हींना एकच शब्द. आपल्याकडे "आम्ही" म्हटलं की समोरचा दाराबाहेर, "आपण" म्हटलं की घरात. काचेमागे विचार करायला सवड नसते. ही बोलून गेली, "आपण जागे राहू."

आमच्या बाई ताडकन उठल्या. एकत्र पहारा मान्य केल्याबद्दल त्यांनी भरभरून आभार मानले, टाळ्याही पडल्या. उंच साहेब गोंधळून इकडेतिकडे बघू लागले. प्रसंग ओळखून अध्यक्षांनी चहाची सुट्टी दिली.

मी बाहेर एका खुर्चीचा हात बसवत होतो. ही आली.

"अहो, माझ्या तोंडून 'आपण' गेलं. त्यांना बहुतेक 'आम्ही'च म्हणायचं होतं."

"मग? आता टाळ्या पडल्या. गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मी मुद्दाम केलं असेल का हो?"

"ते मला काय विचारतेस? तुझी जीभ."

"मलाच कळत नाहीये. त्या क्षणी डोळ्यांसमोर तो पत्र्यावर बसलेला होता."

"म्हणूनच सांगतो, गप्प बस. तुझा भाऊ आहे तिथे!"

"म्हणूनच गप्प बसता येत नाही," ती म्हणाली. "ती माणसं डोळे मिटून माझं ऐकतात."

मला असा संताप आला! जगात एवढे लोक खोटं बोलून गाद्यांवर बसतात, आणि हिला एक शब्द पचेना. पण ती तोवर काचेमागे गेलीही होती.

सुट्टी संपल्यावर मी यंत्र लावून मागे उभा राहिलो, तेव्हा तिचा आवाज आला, स्वच्छ. "दुभाषीची दुरुस्ती. वक्त्यांच्या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ होतात. मी न विचारता एक निवडला. त्यांना कोणता अभिप्रेत होता, हे त्यांनाच विचारावं."

ते सगळ्या भाषांतून सगळ्यांच्या कानांत गेलं. माना काचेकडे वळल्या. उंच साहेब माइक जवळ ओढून बोलले. हिने तेही जसंच्या तसं सांगितलं: "मी आमच्या माणसांबद्दल बोललो होतो. आम्ही जागे राहू."

झालं. हातातोंडाशी आलेला घास गेला. बाई हिच्यासमोरून गेल्या, पण बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी हिने स्वतःच भावाला फोन करून सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "ताई, तू गप्प बसली असतीस तर चाललं असतं." आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन येईना, हिने केलेला तो उचलेना. ही आधीच कमी बोलायची, आता घरात भांड्यांचाच काय तो आवाज. मी चिडायचो, बेडकाला शिव्या घालायचो, आणि ती म्हणायची, "त्याचं काय चुकलं?"

पावसाळ्याआधी पुन्हा बैठक बसली. उंच साहेबांनी कळवलं होतं, काचेमागे तीच दुभाषी हवी. तिचा भाऊ त्याच काठावर राहतो हेही त्यांना कळलं होतं; कोणी सांगितलं, देव जाणे. संशय माझ्यावर आहे. शेजारच्या काचेतल्या, त्यांच्या भाषेच्या दुभाष्याची खुर्ची नीट करताना मी थोडं बोललो होतो, नाही असं नाही.

मी यंत्र लावून मागे उभा राहिलो. साहेब म्हणाले, त्यांच्या सरकारने या पावसाळ्यापुरती एकत्र पहाऱ्याची खोली मान्य केली आहे. पुढचं पुढे बघू. मग त्यांनी ते जुनं वाक्य पुन्हा घेतलं, रात्री-अपरात्री पाणी वाढलं तर, आणि थांबले. काचेकडे बघून अगदी सावकाश, आपल्या भाषेत म्हणाले,

"आपन."

उच्चार साफ चुकीचा. माझ्या कानातल्या यंत्रात काहीच आवाज नव्हता, कारण हिला सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग ते त्यांच्या भाषेत पुढे बोलले आणि तिचा आवाज आला: "जागे राहू." समोर आमच्या तिखट बाई नाक पुसत होत्या. मीही माझं पुसलं, कापडाच्या तुकड्याने.

घरी आल्याआल्या तिने भावाला फोन लावला. या वेळी त्याने उचलला. हिने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. जन्मभर जगाचं बोलणं बोललेली बाई, फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुम्ही सांगा."

मी एका दमात सगळं सांगितलं.

"भावोजी," तो म्हणाला, "ताई काय म्हणतेय?"

"काही म्हणत नाहीये. रडतेय."

"तिला द्या फोन. मलाही बोलता येणार नाही. नुसता कानाला लावू दे."

मी दिला. ती फोन कानाला लावून भिंतीशी टेकून बसली. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो.