पाणबुडीला पाठवलेले निरोप

नवरा अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीवर होता, तेव्हा मी मुलुंडला सासऱ्यांबरोबर राहायचे. घरात आम्ही दोघंच. सासरे मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले. एकदा चहा पिताना त्यांनी विचारलं, "गो, ती पाणबुडी वर कधी येता?"

"येतच नाही, बाबा. डिझेलवालीला बॅटरी चार्ज करायला वर यावं लागतं. हिला महिनोन्महिने नाही."

"आणि खाली रवान करता काय?"

"लपते. आपल्यावर कोणी अणुबॉम्ब टाकला, तरी समुद्रातून उत्तर जाणार, हे समोरच्याला माहीत असलं की तो टाकत नाही. म्हणून ती कुठे आहे, हे कोणालाच कळता कामा नये."

"बापाशीक पण नाय?"

"बायकोलाही नाही."

आठवड्याला आम्ही चार ओळींचा निरोप पाठवू शकायचो. तिकडून उत्तर येत नसे. बोलली की पाणबुडी सापडते. मी लिहायचे, 'बाबा ठीक. रोज बागेत जातात.'

त्या बागेतच ते एका सकाळी कोसळले. हॉस्पिटलमध्ये पोहोचण्याआधीच गेले.

मी नवऱ्याच्या ऑफिसला फोन केला. तिथले अधिकारी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, ही बातमी आत्ता देता येणार नाही. वाईट बातमी मी परत आल्यावरच सांगा, असं त्यांनी स्वतः लिहून दिलंय."

अग्नी मी दिला. तेराव्यानंतर नातेवाईक गेले आणि मी एकटी निरोप लिहायला बसले. 'बाबा ठीक' लिहिण्याचं धाडस झालं नाही. लिहिलं, 'मी बरी आहे. गॅलरीतल्या मोगऱ्याला कळ्या आल्यात.' पुढचे कितीतरी आठवडे मी मोगरा, शेजारचं बाळ, लिफ्टची दुरुस्ती असलंच काहीबाही लिहीत राहिले. दिवसभरात बोलायला कोणी नसायचं. कधीकधी कामवाल्या मावशींना मी उगाच थांबवून घ्यायचे.

तो आला, तेव्हा दारातच मी म्हणाले, "अरे, बाबा..."

"माहितीये."

"कोणी सांगितलं?"

"तूच. तुझ्या निरोपांतून बाबा गायब झाले, तेव्हा कळलं."

"मग तिथे कोणाशी बोललास का?"

"नाही. प्रत्येकाच्या घरी कोणीतरी म्हातारं आहे गं."

बूटही न काढता तो सोफ्यावर बसला आणि मोठ्याने रडू लागला. मी शेजारी बसले. इतके दिवस मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.