लाल सुताचे हजार किलो

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी सोलापूरच्या एका चादर गिरणीत नोकरीला होतो. फोरट्रान ही संगणकाची भाषा येणारा तिथे मी एकटाच, त्यामुळे माझी चूक पकडणारं कुणी नव्हतं. गोदामात कुठल्या रंगाचं किती सूत शिल्लक असायला हवं, हे काढणारा एक जुना प्रोग्रॅम आमच्याकडे होता. तो ज्या संगणकावर चालायचा ते मशीन मोडीत निघालं, म्हणून मी प्रोग्रॅमच्या भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन मुंबईच्या एका संस्थेत गेलो आणि तिथल्या युनिक्स या नव्या प्रणालीच्या मशीनवर तो बसवला. चालला. छपाईची गुंडाळी काखेत मारून मी ऐटीत परतलो.

कागद सलग छापला होता, पानं वेगळी नव्हती. नवं मशीन काटकसरी दिसतंय, असं म्हणत मीच कात्रीने पानं कापली. सुताच्या प्रत्येक दर्जाला एक पान, पानावर पहिली ओळ लालची, ओळीत आधी आकडा आणि मग रंग. गोदामाशी ताडून पाहिलं तर बाकी रंग चोख. लाल मात्र प्रत्येक पानामागे गोदामात हजार किलो कमी.

मला लगेच गोदाम सांभाळणाऱ्या अण्णांचा संशय आला. अण्णा कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीकडचे. हमालांशी कन्नडमध्ये बोलायचे. मला ते कळायचं नाही, म्हणजे त्यात काहीतरी असणारच. सायकलने त्यांच्या घरावरून एक चक्कर मारली, तर भिंतीवर लाल चादर वाळत होती. आणखी काय पाहिजे? तीच चादर गिरणीने दिवाळीला सगळ्यांना वाटली होती आणि मीही तीच पांघरून झोपायचो, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही.

मी सांगताच मॅनेजरसाहेबांनी अण्णांकडून गोदामाच्या किल्ल्या काढून घेतल्या. नोकरी जायचीच बाकी होती. अण्णा मला म्हणाले, "साहेब, हजार-हजार किलो सूत काय पंच्यात बांधून नेलं की काय मी? आन् लालच का? हिरव्यानं काय घोडं मारलंय?"

मुरलेला चोर असंच बोलतो, असं मला वाटलं.

पुरावा पक्का करायला मी जुनी छपाई शेजारी ठेवली, तर तिथे लालचे आकडे तीन अंकी, नव्यात मात्र सगळे एकाने सुरू होणारे चार अंकी. फोरट्रानमध्ये ओळीचं पहिलं अक्षर छापायचं नसतं, तो प्रिंटरला हुकूम असतो. 'एक' म्हणजे नवं पान घे. जुना प्रिंटर पान बदलायचा आणि तो एक गिळून टाकायचा. नव्याला हे मी सांगितलंच नव्हतं. त्याने पान बदललं नाही आणि एक मात्र इमानाने छापला, लालच्या आकड्याला चिकटवून. दोनशे चाळीसचे झाले बाराशे चाळीस.

साहेबांना माझी चूक सांगितली आणि किल्ल्या परत द्यायला मीच गेलो. अण्णांनी गोदाम उघडलं, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आता लाल मोजूनच जावा. उद्या मशीन परत काय म्हनंल, नेम न्हाई."

दुपारभर गाठोडी उचलून मी काट्यावर ठेवत होतो. सगळं सूत जागच्या जागी होतं. निघताना अण्णांनी हात पुढे केला. माझी पिशवी मागितली, डबा उघडून आत बघितलं, मगच मला बाहेर सोडलं. पुढे मी ती गिरणी सोडेपर्यंत हा रिवाज चालू राहिला.