मास्तर व्हा, म्हणाले होते

तेरहून धाराशिवला जाणाऱ्या एसटीत मी चढले तेव्हा माझं वय एकतीस होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिडकीतून पिशवी आत दिली. "कागदं मांडीवरच ठीव," एवढंच म्हणाले. कागदं म्हणजे बारावीची, डी.एड.ची आणि पात्रता परीक्षेची. पुढं पुण्याची गाडी धरायची होती. चाकणच्या एका कारखान्यात मला अकरा महिन्यांचं प्रशिक्षण मिळालं होतं. तिथं यातलं फक्त बारावीचं लागणार होतं.

मैत्रिणींनो, आपण डी.एड. का केलं, आठवतं? आपल्या भागातले पुढारी शाळेच्या मैदानावर म्हणाले होते, "घरटी एक मास्तर झाला पाहिजे." अण्णा शिलाईकाम करणारे. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन मला शिक्षिका ठरवूनच टाकलं. आपण शिकलो, पास झालो, भरतीची वाट बघत बसलो. तुमच्यातल्या काहींची लग्नं झाली, काही अजून तिथंच आहात. मग बऱ्याच वर्षांनी तेच पुढारी त्याच मैदानावर म्हणाले, "नोकरीमागं पळू नका. कौशल्य शिका, धंदे काढा."

अण्णा सभेत कधी बोलत नसत. त्या दिवशी उभे राहिले. "साहेब, मास्तर व्हा म्हणून तुमीच सांगितलं व्हतं. पोरीनं ऐकलं. आता तिनं काय करावं?"

"काळ बदलला, अण्णा," ते हसून म्हणाले. लोकही हसले. अण्णा खाली बसले.

घरी येताना ते म्हणाले, "तवा म्या उगंच टाळ्या वाजवल्या." त्याच आठवड्यात मी चाकणचा अर्ज भरला.

शिफ्टमधली सगळी वीस-बाविशीची. मला मॅडम म्हणायची. वयामुळं, हे मला नंतर कळलं. गाड्यांच्या वायरी जोडायला शिकले. अकरा महिने संपल्यावर नाव ठेकेदाराकडं गेलं, काम तेच राहिलं. आता नव्या पोरींना मीच शिकवते. त्याला वेगळं पद नाही. वाईट वाटतं असंही नाही, हात बसलाय.

सुट्टीला गावी गेले की भेटेल तो विचारतो, "पर्मनंट झालीस का?" मागच्या खेपेला शेजारचे काका दारातच उभे राहिले आणि तेच विचारलं. मी काही बोलायच्या आत अण्णांनी मशीन थांबवली.

"दमून आलीया," ते म्हणाले. "आदी जेवू द्या तिला."

चाकणमधली भाड्याची खोली बरी आहे. पण तिथं माझ्या वतीनं असं कुणी बोलत नाही. घर कशाला म्हणायचं, हे मला आता तेवढ्यावरूनच कळतं.